मागे घेताय की मागे हटताय?

‘ताई, मी नाशिकजवळ द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. शिक्षण मराठी माध्यमातलं, पण परदेशी मेल लिहायचं काम माझ्याच गळ्यात आहे. नेदरलँड्सच्या एका खरेदीदाराला आम्ही दर कळवला होता. पुढे मालाचा अंदाज चुकला, तेव्हा साहेब म्हणाले, “ऑफर मागे घेतोय असं कळव.” मी लिहिलं, “वी आर रिट्रीटिंग अवर ऑफर.” त्यांना काही कळेना. त्यांनी विचारलं म्हणून मी दुरुस्त करून लिहिलं, “वी आर बॅकिंग आउट.” त्यावर एकदम कोरडं उत्तर आलं: तुम्ही करार मोडताय का? साहेब सगळ्यांसमोर हसले. डिक्शनरी उघडली तर रिट्रीट, विथड्रॉ, रिसीड, बॅक आउट, बॅक डाउन, सगळ्यांपुढे तेच: मागे घेणे, माघार घेणे, मागे हटणे. मग फरक ओळखायचा कसा? आणखी एक. मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात “रिट्रीटिंग मान्सून” आहे आणि बातम्यांत “विथड्रॉवल”. बरोबर कोणतं, असं ती विचारते. – एक वाचक, नाशिक जिल्हा’

प्रिय वाचक,

साहेबांचं हसणं आधी सोडून द्या. ते मेल त्यांना जमले असते तर त्यांनीच लिहिले नसते का?

तुमची पहिली चूक शब्दसंग्रहाची नाही. ती शाळेत मराठीच्या तासाला शिकलेल्या सकर्मक-अकर्मकाची आहे. साहेब म्हणाले, ‘ऑफर मागे घेतोय.’ काय मागे घेतोय? ऑफर. म्हणजे कर्म आहे. आपण जागेवरच आहोत आणि पुढे केलेली वस्तू परत आपल्याकडे ओढतोय. ‘रिट्रीट’मध्ये वस्तू हलत नाही, माणूस हलतो. त्याला असं कर्म चालत नाही. ‘आम्ही आमची ऑफर हटतोय’ हे मराठी वाक्य कानाला जसं लागेल, तसंच ‘वी आर रिट्रीटिंग अवर ऑफर’ त्या डच माणसाला लागलं असणार.

तेव्हा पहिली चाळण मराठीतच लावा. मनातलं वाक्य ‘मागे घेणे’ असेल तर विथड्रॉ, रिट्रॅक्ट, रिव्होक या घरात जा. ‘मागे हटणे, मागे सरणे, ओसरणे’ असेल तर रिट्रीट, रिसीड. विथड्रॉ तेवढं दोन्हीकडे चालतं: पैसे विथड्रॉ करता येतात, आणि एखादा उमेदवार स्वतः निवडणुकीतून विथड्रॉ होतो. म्हणून शंका आली की विथड्रॉ लिहा, सहसा फसणार नाही.

खरा घोळ घालतं ते ‘माघार घेणे’. त्यात ‘घेणे’ दिसतं म्हणून ते सकर्मक वाटतं. पण घ्यायची वस्तू तिथे माघारच, म्हणजे कर्म आधीच आत शिवून टाकलेलं आहे. ‘ऑफर माघार घेतो’ असं आपण कधी म्हणत नाही. डिक्शनरीने मात्र ‘मागे घेणे’ आणि ‘माघार घेणे’ शेजारी शेजारी बसवले आणि तुम्ही एकाचं इंग्रजी दुसऱ्याला लावलं. यात तुमच्याइतकाच दोष डिक्शनरीचाही आहे.

आता दुसरा मेल. भाषा म्हणून ते वाक्य शुद्ध होतं, आणि जास्त महागात पडू शकलं असतं तेच. ‘बॅक आउट’ म्हणजे शब्द दिल्यानंतर अंग काढून घेणं. आपल्याकडे ऐनवेळी टांग देणं म्हणतात ना, त्याच्या जवळपासचं. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार की शब्द दिला होता का. तुमची नुसती ऑफर होती आणि त्यांनी ती स्वीकारलेली नव्हती, तर तुम्ही कुठलाच शब्द मोडत नव्हता. मोडत नसलेली गोष्ट मोडतोय असं तुम्हीच लिहून दिलंत.

हा फरक कायद्यातही आहे. आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, पाचव्या कलमात, प्रस्ताव ‘रिव्होक’ करता येतो असं म्हटलंय, पण स्वीकृतीचं कळवणं प्रस्ताव देणाऱ्याच्या बाबतीत पुरं होण्याआधी. पत्राने स्वीकृती कळवायची असेल तर समोरच्याने पत्र टपालात टाकलं की दरवाजा बंद. आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीबद्दल १९८० मध्ये व्हिएन्नात एक करार झाला. त्यात तर विथड्रॉ आणि रिव्होक हे दोन वेगवेगळे शब्द आहेत, आणि दोन वेगळ्या कलमांत आहेत. ऑफर समोरच्याच्या हाती पडायच्या आधी किंवा पडतानाच तुमचा नकार पोचला तर ते विथड्रॉवल, पंधरावं कलम. ऑफर पोचली, पण त्याने स्वीकृती अजून धाडलेली नाही, तेव्हा परत घेतलीत तर ते रिव्होकेशन, सोळावं कलम. आणि तिथे अटी आहेत: ‘अमुक तारखेपर्यंत दर कायम’ असं ऑफरमध्ये लिहिलेलं असेल तर ती तशी रिव्होक करता येत नाही. नेदरलँड्स या करारात आहे, भारत नाही. तुमच्या व्यवहाराला कोणत्या देशाचा कायदा लागतो ते ऑफरच्या खालच्या बारीक अक्षरांत बघा, आणि तारीख दिलेली असेल तर मेल पाठवण्याआधी वकिलाला फोन करा. ते काम या सदराचं नाही.

व्यवहारातल्या मेलमध्ये मात्र विथड्रॉ दोन्हीला चालतं. एवढंच लिहा: ‘वी विथड्रॉ अवर ऑफर ऑफ’ आणि पुढे तारीख, मग ‘व्हिच हॅज नॉट यट बीन अ‍ॅक्सेप्टेड’. दुसरा अर्धा भाग कंटाळवाणा वाटला तरी ठेवा, ‘करार मोडताय का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सरकारी परिपत्रकासारखं ‘द ऑफर स्टँड्स विथड्रॉन’ नको. त्याचा अर्थ त्यांना कळेल, पण द्राक्षवाल्याला एवढी गादी-लोड कशाला?

‘मागे हटणे’च्या घरात शिरल्यावर दुसरी चाळण लागते: मागे कोण ढकलतंय? यासाठी वडगावची लढाई घेऊ. पुण्याहून मुंबईला जाताना तुम्ही त्या रस्त्याने गेला असालच.

रघुनाथरावाला पुण्यात बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीला निघाली आणि घाट चढून वर आली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने पडला. जानेवारी १७७९ मध्ये फौज तळेगावला पोचली, तर गाव मराठ्यांनी आधीच जाळलेलं. ना दाणा, ना वैरण. मागची रसद तुटलेली, चहूकडे मराठी घोडदळ. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, साठा पेटवून दिला आणि अंधारात उलटे फिरले. हे अस्सल रिट्रीट. पाठीवर शत्रू आहे, थांबलं तर मरण आहे, आणि जाताना जड वस्तू टाकून द्याव्या लागतात.

या जागी कोणी ‘विथड्रू’ लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही, पण चित्र बदलतं. विथड्रॉमध्ये निर्णय जाणाऱ्याचा असतो. तोफा मोजून, बैलांना जुंपून, सोबत नेल्या जातात. ‘फेल बॅक टु वडगाव’ म्हटलं तर तिसरंच: मागे एक ठिकाण हेरून ठेवलं होतं आणि तिथे पाय रोवायचे होते. प्रत्यक्षात वडगावला ते रोवले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मराठ्यांनी गाठलं, कोंडलं, आणि चारेक दिवसांत तह लिहून घेतला: १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत. पुढे कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानायलाच नकार दिला. त्यासाठीचं क्रियापद ‘रिप्युडिएट’, म्हणजे आमच्या माणसाने सही केली असेल, आम्हाला ती बांधत नाही. तोफा सोडून पळणं एक, आणि सही केलेल्या कागदावरून उठणं दुसरं. मराठीत दोन्हीला ‘मागे हटले’ म्हणता येईल, इंग्रजीत एकाचं दुसऱ्याला देता येत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात आली असेल. रिट्रीट की विथड्रॉ हे पुष्कळदा सांगणारा कोण आहे त्यावर ठरतं. जाणारा स्वतः विथड्रॉ म्हणतो, त्याला हसणारा रिट्रीट म्हणतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकन सैन्य काबूलमधून निघालं, ते सरकारी कागदांत विथड्रॉवल आहे. टीकाकार रिट्रीट म्हणत होते. रशियाने तर सप्टेंबर २०२२ मध्ये खारकीव्ह भागातून सैन्य काढताना दोन्ही शब्द टाळले. त्यांच्या संरक्षण मंत्रालयाच्या मते ते ‘रीग्रुप’ करत होते, म्हणजे फेरजुळणी. लडाखमध्ये २०२१ साली पँगाँग सरोवराच्या काठांवरून दोन्ही सैन्यं हलली तेव्हा शब्द वापरला गेला ‘डिसएंगेजमेंट’. मला हा शब्द फार हुशार वाटतो. त्यात कोण मागे गेलं हा प्रश्नच उरत नाही. अडकलेली दोन शिंगं सुटली, बस्स. दोन्हीकडच्या जनतेला तोंड दाखवायचं असेल तर असेच शब्द लागतात. बातमी वाचताना हे शब्द कोणाच्या तोंडचे आहेत ते बघायची सवय लावा, निम्मं इंग्रजी तिथेच शिकाल.

आता ‘बॅक’वाली मंडळी. बॅक आउट झालं. ‘बॅक डाउन’मध्ये आधी छाती पुढे काढलेली असावी लागते. कोणीतरी ‘करून दाखवतो’ म्हणालेलं असतं आणि मग नमतं घेतं. आवाज न चढवताच तुम्ही नाही म्हणालात तर तो बॅक डाउन होत नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून दोन महासत्ता समोरासमोर आल्या. रशियन जहाजं थांबल्याची खबर आली तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क म्हणाले की आपण डोळ्याला डोळा भिडवून होतो, आणि मला वाटतं समोरच्याची पापणी लवली. २८ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेत असल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेत सगळ्यांनी ठरवलं की रशिया बॅक डाउन झाला. गंमत अशी की तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलवायचं कबूल करून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनीही देवाणघेवाण केली होती, फक्त गुपचूप. ती १९६३ मध्ये हलली. लोकांना हे कळायच्या कितीतरी आधी क्रियापद लिहून झालं होतं.

‘बॅक ऑफ’ वेगळं. ते नमणं नाही, दाब कमी करणं आहे. ‘बॅक ऑफ!’ असं कोणी तुम्हाला म्हणालं तर तो ‘जरा लांब हो’ म्हणतोय. एखाद्या खरेदीदाराला रोज फोन करून भंडावत असाल तर साहेबांनी तुम्हाला बॅक ऑफ करायला सांगावं. ‘बॅकट्रॅक’ आणि ‘बॅकपेडल’ यांना आपला शब्द तयार आहे: घूमजाव. त्यातही बॅकपेडलमध्ये बोलणाऱ्याची तारांबळ दिसते: ‘तसं म्हणायचं नव्हतं हो मला.’ आणि ‘बॅक अप’? क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर बॅक अप करतो तेव्हा तो धावेसाठी क्रीज सोडून पुढे जातो! १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकड यांनी बिल ब्राउनला बाद केलं ते असा बॅक अप करतानाच. तेव्हा ‘बॅक’ दिसलं की मागे, हा हिशोबही आंधळेपणाने लावू नका.

क्रिकेट निघालंच आहे तर ‘रिटायर’ही बघून घ्या. ‘रिटायर्ड हर्ट’ झालेला फलंदाज बरा झाला की पुन्हा खेळायला येऊ शकतो. ‘रिटायर्ड आउट’ झालेला समोरच्या कप्तानाच्या संमतीशिवाय येऊ शकत नाही, आणि त्याच्या नावापुढे बाद लागतं. एप्रिल २०२२ मध्ये वानखेडेवर अश्विन असा स्वतःहून निघून गेला तेव्हा आयपीएलमध्ये ते पहिल्यांदा घडलं. चालत गेला तसाच, पण एका शब्दाने हिशोब बदलला.

‘स्टेप डाउन’साठी आपल्याकडे ‘पायउतार होणे’ आहे, अगदी मापाचं. पण ते हातात असलेल्या खुर्चीवरूनच. जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी निवडणूक लढवणार नाही असं सांगितलं तेव्हा ‘बायडन पायउतार’ म्हणणं चूक ठरलं असतं, कारण खुर्ची पुढच्या जानेवारीपर्यंत त्यांचीच होती. त्यांनी पत्रात ‘स्टँड डाउन’ लिहिलं, बातम्यांत ‘ड्रॉप आउट’ आणि ‘विथड्रॉ’ आलं. ‘स्टेप बॅक’ आणखी मऊ: जबाबदारी कमी करतोय, नातं तोडत नाही. राजपुत्र हॅरी आणि मेगन यांनी २०२० च्या जानेवारीत हाच शब्द निवडला होता. तुम्हाला कधी एखाद्या समितीतून भांडण न करता बाहेर पडायचं असेल तर हा शब्द जपून ठेवा.

बोललेलं किंवा लिहिलेलं मागे घ्यायची वेगळी ओळ आहे. शोधनिबंध ‘रिट्रॅक्ट’ होतो. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये रिट्रॅक्ट केला. श्रद्धा किंवा मत जाहीरपणे सोडायला लावलं तर ‘रिकँट’: गॅलिलिओ, १६३३. आणि आपल्या कोर्टात साक्षीदार फिरला की तो जबाबावरून ‘रिझाइल’ होतो. हा शब्द तुम्हाला निकालपत्रांत पदोपदी भेटेल, डच माणसाच्या मेलमध्ये बहुधा कधीच नाही. तिकडे वापरू नका.

संसदेतही तोच ‘घेणे’चा खेळ आहे. डेटा संरक्षणाचं २०१९ चं विधेयक सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये विथड्रॉ केलं, कारण ते मंजूर झालेलं नव्हतं. कृषी कायदे मंजूर झालेले होते, म्हणून २०२१ मध्ये ते मागे घ्यायला नवा कायदा करून ‘रिपील’ करावे लागले. मराठी मथळ्यांना दोन्हीकडे ‘मागे’ पुरतं.

‘रिसीड’ला कोणी ढकलणारा नसतो आणि ठरवणाराही नसतो. पंचगंगेचा पूर ओसरतो, कपाळावरचे केस मागे सरकतात. इथे ‘माघार’ आठवूच नका, ‘ओसरणे’ आठवा. तुम्ही, तुमची कंपनी, तुमची ऑफर, यातलं काहीही रिसीड होत नाही.

राहिला तुमच्या मुलीचा मान्सून. दोन्ही बरोबर. भूगोलाच्या पुस्तकातलं ‘रिट्रीटिंग’ सरकत जाणारी कड बघतं: हिमनदीची कड जशी वर वर जाते तिलाही इंग्रजीत रिट्रीटच म्हणतात, तसा पाऊस वायव्येकडून हळूहळू मागे जातो. इथे शत्रू नाही, पराभव नाही. शास्त्राच्या भाषेत हा शब्द थंड पडलाय. हवामान खात्याचं ‘विथड्रॉवल’ ही प्रशासकीय घोषणा आहे आणि तिला निकष आहेत. वायव्य भारतात सलग ५ दिवस पाऊस थांबलेला हवा, हवेच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात, म्हणजे जास्त दाबाचं क्षेत्र, तयार झालेलं हवं, हवेतली आर्द्रता बरीच उतरलेली हवी, आणि हे सगळं १ सप्टेंबरच्या आधी धरायचं नाही. सर्वसाधारण सुरुवातीची तारीख २०२० पासून १७ सप्टेंबर धरतात. शेतकऱ्याला या दोन्हीशी देणंघेणं नाही. तो ‘परतीचा पाऊस’ म्हणतो आणि छाटणी केलेल्या बागेकडे बघत बसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

परीक्षेत मात्र तिला ‘रिट्रीटिंग’च लिहू द्या. पेपर तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरांत तेच छापलेलं असतं.